अप्पांची पिवळी रेघ

अप्पा माती खायचे. ही ऐकीव गोष्ट नाही, मी शेजारी उभा राहून पाहिलेली आहे. कुणाच्या घराचा पाया खणलेला दिसो की रस्त्याकडेचा चर दिसो, ते वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे, पुढच्या दातांत धरून हळूहळू चावायचे आणि थुंकायचे. दातांखाली कचकच आली तर तिच्यात बारीक वाळू आहे. लोण्यासारखी लागली तर निव्वळ चिकणमाती. "बोटं फसतेत, दात फसत न्हाईत," असं म्हणून ते रुमालानं जीभ पुसायचे. तो रुमाल धुताना काकूंचा पट्टा सुरू व्हायचा. "आमच्या घरी डोहाळे मला लागले अन् माती यांनी खाल्ली. अजून खाऊनच राहिलेत. साकु आता!" साकु म्हणजे पुरे. काकूंचं माहेर बिदरकडचं. रागावल्या की त्यांच्या तोंडात कन्नड यायचं.

त्यांचं पूर्ण नाव महालिंगअप्पा शेटकार. उदगीरच्या अडत दुकानदाराचे धाकटे चिरंजीव. घरातले सगळे तुरीचा आणि सोयाबीनचा भाव बघत असताना हे दगड बघत मोठे झाले, शिकले आणि मुंबईत एका तेल कंपनीत लागले. उभी नोकरी तिथंच केली. निवृत्त होऊन लातूरला आमच्या कॉलनीत राहायला आले, तेव्हा आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक कंपाउंडची भिंत होती. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. त्यांच्या विषयातलं मला जेवढं समजलं तेवढंच इथं लिहितो. फार समजलं असा माझा दावा नाही.

त्यांचं काम मात्र त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. जहाजावरून समुद्रात मोठा आवाज करतात. तो आवाज तळाखाली शिरतो, खडकांच्या थरांवर आपटून वर येतो, आणि परत आलेल्या आवाजांचं एक चित्र तयार होतं. काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांचं, घोंगडीच्या विणीसारखं. फार फार पूर्वी नद्यांनी आणलेली वाळू घसरत जाऊन खोल समुद्रात बसलेली असते. तिच्यावर चिखल साचतो, दोन्हींचा दगड होतो, आणि वाळूच्या कणांमधल्या फटींत तेल भरून राहतं. त्या चित्रात ही वाळू कुठं आहे ते ओळखायचं आणि तिच्यावर पिवळ्या पेन्सिलीनं रेघ ओढायची, हे अप्पांचं काम. त्या रेघेवरून तेलाची विहीर कुठं खणायची ते ठरायचं. पुढं पेन्सिली जाऊन संगणक आले, पण रेघ पिवळीच राहिली.

"यांचं आयुष्य गेलं पाण्याखालचं बघण्यात," काकू माझ्या बायकोला सांगायच्या, "अन् आता नळाला पाणी न्हाई."

ते आले ती वर्षं तशीच होती. मांजरेचं धरण कोरडं पडलं होतं. पुढं पुढं तर लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं. आमच्या कॉलनीनं बोअर घ्यायचं ठरवलं, आणि जागा दाखवायला अप्पांकडे सगळे गेले. अप्पा म्हणाले, "मला माहीत नाही."

"असं कसं, अप्पा? समुद्राच्या खालचं तुम्हाला दिसतंय, अन् गल्लीतलं दिसंना?" कॉलनीचे अध्यक्ष बोलले. ते वीज मंडळातले निवृत्त होते, बोलायला फटकळ.

"तिथलं बी दिसत नव्हतं. अंदाज होता."

"मग इतकी वर्षं पगार कशाचा घेतला हो?"

"तेव्हा माहीत आहे म्हणायचो," अप्पा म्हणाले.

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. मग अध्यक्षांनी तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणारा एक पाणाड्या आणला. नारळ उभा राहिला, तिथं बोअर घेतलं, आणि फुफाट्याशिवाय काही वर आलं नाही. पाणाड्याला कुणी काही बोललं नाही. बोलणी अप्पांना बसली, की माहीत असून सांगितलं नाही, मोठ्या कंपनीतला माणूस, त्याला आपलं काय पडलंय. हे त्यांच्या कानावर गेलं. त्यानंतर ते टँकर आला की बादली घेऊन सगळ्यांत शेवटी येऊ लागले आणि रांगेत मान वर करेनासे झाले.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक मोठी तसबीर होती. आत घोंगडीच्या विणीसारखं चित्र, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी रेघ. निरोपाच्या वेळी कंपनीनं दिलेली. काकू ती रोज पुसायच्या. येणारा जाणारा तिच्यापुढं उभा राहून "वा" म्हणायचा. अप्पा नेहमी तिच्याकडं पाठ करून बसायचे. आधी मला वाटलं, त्या खुर्चीवर पंख्याचा वारा चांगला येत असेल.

त्यांचे गुडघे गेलेले असल्यामुळं रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून न्यायचो. कुठं? दगडाच्या खाणीत, रस्त्यासाठी फोडलेल्या टेकाडाशी, आटलेल्या ओढ्यात. आणि फिरून फिरून एकाच जागी, मांजरेच्या थडीला. तिथं वाळू उपशामुळं नदीची दरड उभी कापली गेली होती. पाच-सहा पुरुष उंच. आतली जुनी वाळू आणि गोटे चुनखडीनं इतके घट्ट धरलेले की हातोडीनंच फुटावेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला कोरड्या पात्राच्या अलीकडच्या काठावर थांबवलं.

"सर, चष्मा काढा. किती थर दिसतेत?"

"एक. पिवळसर पट्टा आहे लांबलचक."

"आता जवळ चला."

जवळ जाऊन मी मोजले. मोजणं हा माझा स्वभाव आहे. त्या एका पट्ट्यात वाळूचे अकरा थर निघाले, आणि दर दोन थरांच्या मध्ये बोटभर जाडीची काळी माती. काही थर मध्येच संपत होते. एका ठिकाणी जुन्या प्रवाहानं खालचे थर कापून स्वतःची वाळू भरली होती, आणि कापलेल्या कडेला सुद्धा मातीचं अस्तर होतं, गोधडीला असतं तसं.

"आमच्या चित्रातली एक रेघ म्हणजे ही अख्खी दरड, सर," अप्पा म्हणाले. "यातली बोटभर माती तिथं दिसतच न्हाई. पण तेल अडतंय ते त्या बोटभर मातीनंच." मग लगेच त्यांनी बोट वर केलं. "हे नदीचं काम आहे हं, खोल समुद्राचं न्हाई. दोन्ही सारखंच असं कुठं सांगू नका. पण वाळू अन् चिखल एकमेकांच्या उरावर कसे बसतेत, ते इथं हात लावून कळतंय. आम्ही हात न लावता रेघा ओढल्या."

तिथंच एका गोट्यावर बसून त्यांनी मला त्या तसबिरीतल्या रेघेची गोष्ट सांगितली. चित्रात दोन ठिकाणी वाळू स्पष्ट दिसत होती. मध्ये धूसर होतं. अप्पांनी रेघ जोडली. "जोडलेली रेघ दिसायला लई चांगली दिसते, सर." वरिष्ठांना आवडली. एका टोकाला विहीर घेतली, तेल लागलं, अप्पांचं नाव झालं. कंपनीतले लोक त्या वाळूला शेटकारांची वाळू म्हणू लागले. नोकरीच्या शेवटच्या वर्षी कंपनीनं काही जणांना परदेशात नेलं. एके काळी समुद्राच्या तळाशी असलेली तशीच वाळू तिथं आता डोंगराच्या कड्यात उघडी पडलेली आहे, ती बघायला. अप्पा त्या कड्यापुढं उभे राहिले आणि त्यांना कळलं, की आपण जिथं जोडलं तिथं बहुतेक मातीचे पडदे आहेत. त्यांची वाळू एक नाही, तुकडे आहेत.

"मग परत आल्यावर सांगितलंत?"

अप्पा विजारीची माती झटकायला लागले. बराच वेळ झटकत होते. "आलो तर निरोप समारंभ ठरलेला होता," ते म्हणाले. "रेघ काचेत बसवून तयार."

त्यांनी एकदा सांगायचा प्रयत्न केला, तो मी पाहिलेला आहे. उदगीरला त्या वेळी नव्या जिल्ह्याचं वारं होतं. चौकाचौकात एकच बोलणं, जिल्ह्याची कचेरी कुठं होणार, एसपी ऑफिस कुठं होणार. अप्पांचे थोरले भाऊ रेवणअप्पा त्या कृती समितीत पुढं होते. "लातूर काय आभाळातून पडलाय का? उस्मानाबादपासून तुटूनच झाला की! मग आमचं का न्हाई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समितीच्या मेळाव्यात भूमिपुत्रांचे सत्कार होते, आणि अप्पांना जायलाच लागलं. आम्ही दोन्ही कुटुंबं गेलो.

सकाळी रेवणअप्पांच्या अडतीवर नव्या जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरलेला होता. त्यात शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली काही गावंही ओढून घेतली होती. रेवणअप्पा म्हणाले, "महालिंगा, तू नकाशेवाला. हद्द तेवढी नीट आखून दे. फ्लेक्सला द्यायचंय."

अप्पांनी मार्कर घेतला. सावकाश आखत गेले. मुखेडच्या बाजूला एका ठिकाणी हात थांबला. तेवढी जागा त्यांनी सोडली आणि पुढून आखायला सुरुवात केली.

"अरे, इथं राहिलं की!"

"तिथली गावं इकडं यायला तयार आहेत का, मला माहीत न्हाई. विचारून या, मग जोडतो."

"तुझ्या विचारण्यात जिल्हा दुसरीकडं जाईल!" म्हणत रेवणअप्पांनी मार्कर ओढून घेतला आणि एका फटक्यात हद्द पुरी केली. अडतीवरच्या हमालांनी सुद्धा मान डोलावली. अप्पा खाली बघत राहिले.

मेळाव्यात त्यांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. निवेदकानं सांगितलं, की समुद्राच्या पोटातून तेल काढणारा हा उदगीरचा सुपुत्र. अप्पा बोलायला उभे राहिले. माईक त्यांच्या हनुवटीला लागत होता.

"मी तेल काढलेलं नाही," ते म्हणाले. "मी कागदावर एक रेघ ओढली. ती बहुतेक चुकीची आहे. मला ते कळून पुष्कळ दिवस झाले, अन् मी कुणाला सांगितलं न्हाई. म्हणून हा सत्कार मी घ्यायला नको होता."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मंडप टाळ्यांनी भरून गेला. निवेदक गहिवरून म्हणाला, "याला म्हणतात मोठेपणा! एवढं करून म्हणतात, मी काहीच केलं नाही!" टाळ्या वाढल्या. फेट्याखाली अप्पांचे कान लाल झालेले मला लांबून दिसत होते. त्यांनी पुन्हा माईककडं तोंड नेलं, पण तोवर पुढच्या भूमिपुत्राचं नाव पुकारलं होतं.

परतीच्या जीपमध्ये त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला. नळेगाव मागं पडलं. तसे तेच म्हणाले, "चूक केली म्हणून सांगितलं तर लोक विनय म्हणून घेतेत. आता कोणत्या भाषेत सांगू?"

"कानडीत सांगा," काकू म्हणाल्या.

माझी बायको खुदकन हसली आणि मग तिलाच वाईट वाटलं, कारण अप्पांनी खरोखरच तोंड खिडकीकडं वळवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात शैलजा पवार आली. मूळची उमरीची, अप्पांच्या हाताखाली शिकलेली, आता त्यांच्या जागेवर काम करणारी. नांदेडहून सकाळच्या बसनं उतरली ती पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊनच. ती पाया पडायला वाकली तसे अप्पांनी पाय मागं घेतले. काकूंनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. शैलजानं ताटली बाजूला सारून लॅपटॉप उघडला. मी तिथं होतो.

"सर, तुमच्या वाळूवर नवी विहीर घ्यायचं ठरून राहिलं. पार दुसऱ्या टोकाला. वाळू एकच असल तर त्या एका विहिरीनं तिकडचं सगळं तेल निघतंय. शिफारशीवर सही माझी हाय."

"आणि एक नसल तर?"

"तर थोडं येईल अन् बंद पडंल. बाकीचं खालीच राहील. एवढी खोल विहीर परत परत कुणी घेत न्हाई, सर." तिनं लॅपटॉप अप्पांकडं वळवला. "नोकरी जायची न्हाई माझी. पण तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

अप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथं तुला काय दिसतंय?"

शैलजा स्क्रीनवर वाकली. अप्पांनी पुन्हा विचारलं.

"धूसर हाय," ती हळू म्हणाली. "पण तुम्ही जोडलीय म्हणल्यावर... आमच्यातल्या कुणीच तिथं हात लावला न्हाई, सर. तुमची रेघ तशीच ठेवली. मान म्हणून."

अप्पा उठले, आत गेले आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन घेऊन बाहेर आले. काकूंनी विचारलं, "हे कुठं निघालं?" त्यांनी कॅन दाराशी ठेवला. मला म्हणाले, "सर, गाडी काढता का?" त्या दिवशी मी शेजारच्याची मोटार मागून घेतली.

दरडीशी गेल्यावर त्यांनी शैलजाला थर दाखवले, माती दातांत धरायला लावली. तिनं निमूटपणे धरली. मग अप्पा माझ्या खांद्याच्या आधारानं कडेनं थोडं वर चढले, एका उघड्या भुसभुशीत वाळूच्या थरावर कॅन कलता केला आणि पाणी ओतलं. पाणी वाळूत सरसर मुरलं. वीतभर खाली मातीच्या काळ्या रेघेपाशी आलं, थांबलं, आणि आडवं वळून दरडीच्या तोंडाशी ओघळलं. रेघेखालची वाळू कोरडी ठाक राहिली. पुरावा इतका साधा होता. शैलजा खाली बसून त्या ओल्या-कोरड्याच्या सीमेवर बोट फिरवत राहिली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ मालक! माणसाला प्यायला न्हाई, अन् तुम्ही वाळूला पाजायलाव व्हय?"

पात्रात थोड्या अंतरावर एका बाईनं झिरा उकरला होता. खड्ड्यात वाटीवाटीनं साचणारं पाणी ती घागरीत भरत होती. घागर तशीच ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी होती.

अप्पांनी कॅन सरळ केला. उरलेलं पाणी त्यांनी तिच्यापुढं धरलं. "घ्या, बाई. चुकलं माझं."

"ठिवा तुमच्याच पोटाला. काय चाललंय तरी काय?"

"मी एक चूक केलेली हाय. ती हिला दाखवायलो."

"मग केली तिथं जाऊन दाखवा की," बाई म्हणाली. "हितं आमच्या पान्यावर कशाला?"

आणि ती पाठ फिरवून पुन्हा झिऱ्याशी बसली. अप्पा कॅन हातात धरून तसेच उभे. उन्हानं की कशानं, त्यांचा चेहरा काळवंडून गेला होता. गाडीत बसल्यावर शैलजा पुढं बघत म्हणाली, "सर, मी बोलले तर म्हणतील, कालची पोरगी, गुरूची रेघ तोडायला निघाली. कंपनीत तुम्हालाच यावं लागंल."

"त्या दारातून आत जायचं मला होणार न्हाई, शैलजा."

"बरं," ती म्हणाली. तिनं आग्रह केला नाही. संध्याकाळच्या बसनं ती गेली. निघताना तिनं पुन्हा पाया पडायचा प्रयत्न केला नाही, हे माझ्या लक्षात आलं. अप्पांच्याही आलं असावं.

त्यानंतर त्यांनी रविवारी बाहेर पडणं बंद केलं. माती खाणंही बंद. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "रुमाल स्वच्छ यायलेत. मला भीती वाटायलीय." मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली.

"सर, तुमच्या मोबाईलवर मुंबईचं तिकीट निघतं का?"

"निघतं की. किती जणांचं?"

"एकाचं. परतीचं पण त्याच दिवशीचं काढा. राहायचं तोंड न्हाई."

मुंबईत जे झालं ते मी पाहिलेलं नाही. शैलजानं फोनवर सांगितलं ते लिहितो. अप्पा आत आल्यावर सगळे उठून उभे राहिले. त्यांनी हातानं बसा बसा केलं. फळ्यावर चित्र काढलं, रेघ ओढली, आणि मधला भाग तळहातानं पुसून टाकला. "एवढं मी पाहिलं नव्हतं, जोडलं होतं," असं म्हणाले. दरडीचे फोटो दाखवले आणि तिथंही सांगितलं, की हे नदीचं काम आहे, समुद्राचं नाही. कुणीतरी म्हणालं, "सर, फार मोठ्या मनानं तुम्ही..." त्याला त्यांनी मध्येच तोडलं. "मोठं मन यात आणू नका. ही चूक आहे, तिला चूकच म्हणा. नाहीतर विहीर चुकेल."

विभागाचा प्रमुख त्यांचाच जुना सहायक होता. त्यानं विचारलं, "सर, हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"निरोप समारंभाच्या आधी."

पुढचा प्रश्न विचारताना प्रमुखाचा आवाज बदललेला होता, असं शैलजा म्हणाली. "मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"लाज वाटली," अप्पा म्हणाले. "आजही वाटायली."

नंतर त्यांनी एकच विनंती केली, की त्या वाळूला त्यांचं नाव घेऊ नये. जेवायला थांबले नाहीत. शैलजा खालपर्यंत सोडायला गेली, तर म्हणाले, "सही करताना तुझ्या डोळ्याला दिसतंय तेवढीच रेघ ओढ. माझ्या मानासाठी एक सूतभर जास्त नको." लांबच्या टोकाची विहीर तूर्त मागं ठेवली गेली आणि आधी मधल्या धूसर जागी खणून बघायचं ठरलं. लातूर स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेलो होतो. "काय झालं?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चहा घेऊ." चहा घेतला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. मांजरा भरून वाहिली. पुढं अप्पांची तब्येत ढासळली, मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि तिकडंच ते वारले. म्हणून ते मला धडधाकट असे शेवटचे दिसले ते नदीच्या पुलावर. अख्खा जिल्हा पाणी बघायला लोटला होता. लोक नारळ फोडत होते, बायका ओटी सोडत होत्या, कुणी मोबाईलवर घरच्यांना पाणी दाखवत होतं. आमची दरड पार बुडाली होती. ती कुठं असेल, हे मी अंदाजानं दाखवू लागलो.

"बुडू द्या," अप्पा म्हणाले. मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू, सर? दरड गेली म्हणून मला वाईट वाटलं. एवढ्या लोकांत मला एकट्याला. काय माणूस आहे मी!"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी शैलजाच्या फोनची गोष्ट काढली. त्याच आठवड्यात तो आला होता. मधल्या विहिरीत, अप्पांनी जिथं जोडलं होतं बरोबर तिथंच, मातीचे पडदे लागले होते. दोन्हीकडची वाळू वेगळी, दोन्हीकडचा दाब वेगळा, म्हणजे दोन्हींचा आपसांत संबंधच नाही. लांबच्या टोकाची योजना बदलली होती, आणि शैलजाची सही वाचली होती.

"म्हणजे अप्पा, शेवटी तुमचंच खरं निघालं की!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या वर्गात एखादा हुशार मुलगा सोपं गणित चुकला की मी बघतो, तसं.

"कोणतं माझं, सर?" ते म्हणाले. "रेघ पण माझीच होती."

मागून एक बाई खणा-नारळाची ओटी घेऊन कठड्याशी यायला धडपडत होती. अप्पांनी सरकून तिला वाट दिली आणि बाजूला जाऊन उभे राहिले, हात पुढं एकमेकांत गुंतवलेले, मान खाली, टँकरच्या रांगेत असायची तशी. ओटी पाण्यात सोडून बाई वळली आणि त्यांच्याकडं बघून तिनंही हात जोडले. म्हातारा नदीला नमस्कार करून राहिलाय, असं तिला वाटलं असावं.